फाईल उघडली नाही म्हणून पुसू नका



जत्रेच्या नाटकाच्या तालमी सुरू व्हायच्या होत्या, तेव्हाची गोष्ट. मंडळाच्या एका दिवंगत सभासदांनी गावासाठी एक नाटक लिहून ठेवले होते. हाताने लिहिलेली वही पावसाळ्यात कपाटात भिजून गेली होती. मात्र हयातीतच त्यांनी ते नाटक एका दुकानात टाइप करून घेतले होते. त्यांच्या मुलीने ती फाईल पेनड्राईव्हवर आणून दिली. मंडळाच्या संगणकावर आम्ही ती उघडली, तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत इंग्रजी अक्षरे, कंस आणि अर्धविराम यांची खिचडी. एकही मराठी शब्द नाही. शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, "काका, ही फायल करप्ट जाल्या. डिलीट करुंया."

फाईल बिघडलेली नव्हती. नाटक तिच्यात जसेच्या तसे होते, फक्त ते वाचण्यासाठी लागणारा फॉन्ट आमच्या संगणकावर नव्हता. त्या मुलाच्या शब्दावर विसंबलो असतो, तर वहीपाठोपाठ नाटकही गेले असते.

आम्ही आयुष्यभर बँकेत काम केले. एखादे व्हाउचर समजले नाही म्हणून तिथे कोणी ते फाडत नसे. आधी ते कसले आहे ते पाहायचे, मग ज्याला कळते त्याला विचारायचे. डाउनलोड केलेल्या फाईलचेही तसेच आहे. हल्ली आधारपासून एक-चौदाच्या उताऱ्यापर्यंत सगळे कागद फाईल होऊनच घरी येतात. त्या कशा उघडायच्या, बदलायच्या आणि छापायच्या, याबद्दल बरेच सभासद विचारतात, म्हणून हा लेख.

१. आधी शेपूट बघा

प्रत्येक फाईलच्या नावाला शेवटी टिंब आणि त्यापुढे तीन-चार अक्षरे असतात. त्यावरून ती फाईल कोणत्या जातीची आहे ते कळते. विंडोज संगणकावर हे शेपूट बऱ्याचदा लपवलेले असते. फोल्डर उघडून वरच्या 'व्ह्यू' मध्ये 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' वर खूण केली की ते दिसू लागते. नेहमी भेटणाऱ्या जाती अशा:

• पीडीएफ: छापील कागदाचा डिजिटल अवतार. अडोबी कंपनीने १९९३ साली आणला, २००८ पासून तो आंतरराष्ट्रीय मानक आहे. कुठल्याही यंत्रावर पान तसेच दिसावे, हा त्याचा हेतू. फुकट मिळणाऱ्या रीडरमध्ये, अगदी क्रोम ब्राउझरमध्येही उघडतो.

• डॉक आणि डॉकएक्स: वर्डची फाईल, म्हणजे बदल करण्यासाठीचा मजकूर. २००३ पर्यंतच्या वर्डची 'डॉक', २००७ पासूनची 'डॉकएक्स'. वर्ड विकत घेतलेले नसेल तर लिबरऑफिस हे फुकट सॉफ्टवेअर किंवा गूगल डॉक्स चालते. 'ओडीटी' ही लिबरऑफिसची स्वतःची जात.

• एक्सएलएसएक्स आणि सीएसव्ही: हिशेबाचे तक्ते. बँकेची स्टेटमेंट्स बऱ्याचदा अशी मिळतात.

• जेपीजी, पीएनजी, एचईआयसी: चित्रे. परदेशातली मुले आयफोनवरून फोटो पाठवतात ते 'एचईआयसी' असू शकतात आणि जुन्या संगणकावर उघडत नाहीत. मुलांना 'जेपीजी करून पाठव' एवढे सांगितले की पुरते.

• झिप: गाठोडे. आधी ते सोडायचे म्हणजे 'एक्स्ट्रॅक्ट' करायचे, मग आतली फाईल उघडायची. गाठोड्यातल्या गाठोड्यात केलेला बदल जतन न होता हरवतो, असा अनुभव अनेकांना आला आहे.

एक चूक वारंवार दिसते. अर्जाला पीडीएफ हवी म्हणून कोणी फोटोचे नाव बदलून शेवटी 'पीडीएफ' लिहितो. पाटी बदलली म्हणून दुकानातला माल बदलत नाही. फोटो उघडून 'प्रिंट' मध्ये जावे आणि प्रिंटरच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडावे. विंडोज १० पासून ही सोय संगणकातच आहे.

२. कुलूप असलेल्या फाईली

फाईल पासवर्ड मागते तेव्हा घाबरू नये. सरकारी फाईलींचे पासवर्ड ठरलेल्या पद्धतीचे असतात.

ई-आधारचा पासवर्ड म्हणजे आधारवर इंग्रजीत जसे नाव आहे त्याची पहिली चार अक्षरे, सगळी मोठ्या लिपीत, आणि त्याला जोडून जन्मवर्षाचे चार आकडे. आडनाव आधी छापलेले असेल तर आडनावाची चार अक्षरे. इथेच बरेच जण अडतात. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणाची, म्हणजे एआयएसची पीडीएफ उघडण्यासाठी पॅन क्रमांक लहान लिपीत आणि लगेच जन्मतारखेचे आठ आकडे: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. बँकांचे पासवर्ड वेगवेगळे असतात आणि ते कसे बनवायचे हे त्याच ई-मेलमध्ये लिहिलेले असते. ई-मेल शेवटपर्यंत वाचावे.

ई-आधारवरची डिजिटल सही उघडल्यावर कधी कधी पिवळे प्रश्नचिन्ह दाखवते. त्याचा अर्थ आधार खोटे आहे असा नव्हे. सही तपासण्याचे प्रमाणपत्र तुमच्या संगणकाने अजून मान्य केलेले नाही, एवढेच. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. डिजिटल सहीचे मोल फाईलमध्ये असते, कागदावर तिचे नुसते चित्र उमटते. म्हणून कोणी 'फाईल ई-मेलने पाठवा' म्हटले तर मूळ डाउनलोड केलेली फाईलच पाठवा. ती पुन्हा 'प्रिंट टू पीडीएफ' केली की नवी फाईल दिसायला तशीच असते, पण सही गेलेली असते.

३. मराठी मोडते तेव्हा

आता नाटकाच्या फाईलकडे येऊ. आपल्या घराघरांत आणि मंडळांत जुन्या आरत्या, पत्रिका, हिशेब, स्मरणिका संगणकात पडून आहेत. त्यांतल्या कित्येक आज 'उघडत नाहीत' म्हणून पुसल्या जातात. म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. पूर्वी हे क्रमांक इंग्रजी अक्षरांना दिलेले होते. मराठी छापण्यासाठी एक युक्ती काढली गेली: आत इंग्रजी अक्षरच ठेवायचे, पण फॉन्टमध्ये त्याच्या जागी मराठी आकृती काढायची. उत्तरेत खूप चाललेल्या कृतिदेव फॉन्टमध्ये इंग्रजी 'डी' च्या जागी 'क' आणि 'के' च्या जागी काना आहे. म्हणून 'काका' हा शब्द आत 'डी-के-डी-के' असा साठवला जातो. फॉन्ट असेल तर 'काका' दिसते, नसेल तर चार इंग्रजी अक्षरे. आपल्याकडे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅकचे आयएसएम जास्त चालले. प्रत्येकाची आकृत्यांची मांडणी निराळी, त्यामुळे एकाची फाईल दुसऱ्याला वाचता येत नाही.

युनिकोडने हा गोंधळ संपवला. १९९१ साली आलेल्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत. 'क' म्हणजे 'क' च, कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही फॉन्टमध्ये. आज फोनवर आपण जे मराठी लिहितो ते युनिकोडच.

मराठी मजकूर मोडलेला दिसला की तो कसा मोडला आहे ते आधी पाहावे. लक्षणावरून रोग ओळखता येतो.

इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते: मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे. फाईल शाबूत आहे, फॉन्ट नाही.

रिकामे चौकोन दिसतात: मजकूर बहुधा युनिकोडच आहे, पण निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. सगळा मजकूर निवडून मंगल, निर्मला, मुक्ता किंवा नोटो देवनागरी यांपैकी एखादा फॉन्ट द्यावा. चौकोनांची अक्षरे होतात.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' पुन्हा पुन्हा दिसतो आणि मध्ये चिन्हे येतात: युनिकोड मजकूर चुकीच्या पद्धतीने उघडला गेला आहे. सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये थेट उघडली की हे होते. 'डेटा' मध्ये जाऊन 'फ्रॉम टेक्स्ट' ने ती आणावी आणि 'यूटीएफ-८' निवडावे.

नुसती प्रश्नचिन्हे दिसतात: हा रोग मात्र वाईट. कोणीतरी मराठी मजकूर 'अन्सी' पद्धतीने जतन केला आणि प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिले गेले. आतले मराठी गेले. अशा वेळी ती फाईल दुरुस्त करत बसू नका, जुनी प्रत शोधा. नोटपॅड जतन करताना 'काही अक्षरे जातील' अशी सूचना देते. ती वाचल्याशिवाय 'ओके' दाबू नये.

नाटकाला पहिला रोग होता. उपाय आम्ही असा केला.

सर्वांत आधी फाईलची दुसरी प्रत काढली आणि मूळ फाईल बाजूला ठेवली. मग प्रत वर्डमध्ये उघडून मजकुरावर क्लिक केले आणि वरच्या फॉन्टच्या चौकटीत पाहिले. फॉन्ट संगणकावर नसला तरी त्याचे नाव तिथे दिसते. नाव 'श्री-देव' ने सुरू होत असेल तर श्रीलिपी, 'डीव्हीबी' ने सुरू होत असेल तर सी-डॅक. आमचे 'श्री-देव' निघाले. श्रीलिपी असलेल्या छपाईवाल्याकडून फाईल उघडून तिची पीडीएफ करून घेतली. पीडीएफमध्ये सहसा फॉन्ट सोबत बांधलेला असतो, त्यामुळे ती आता कुठेही वाचता येते. एवढ्याने नाटक वाचले. मात्र अशा पीडीएफमधून मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तर पुन्हा खिचडीच येते. तालमीत संवाद कापावे-जोडावे लागतात, म्हणून श्रीलिपीचे युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून मूळ मजकूर बदलून घेतला. कृतिदेवचा कन्व्हर्टर इथे चालत नाही. ज्या फॉन्टची फाईल, त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर हवा.

कन्व्हर्टर शंभर टक्के बरोबर करत नाही. रफार, जोडाक्षरे, 'ळ' आणि विशेषतः 'ऱ्य' तपासावे लागतात. बँकेत दिवसाच्या नोंदी व्हाउचरशी ताडून पाहायचो तसे आम्ही दोघे बसलो, एकाने पीडीएफ मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने नव्या फाईलवर नजर ठेवायची. एका प्रवेशात 'आचाऱ्यांना जेवायला बसवा' च्या जागी 'आचार्यांना जेवायला बसवा' झाले होते. स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याला एकदम आश्रमात बढती! हसलो खरे, पण असा एक 'र' रंगमंचावर प्रवेशाचा अर्थ बदलतो.

जुन्या कागदाचा फक्त फोटो किंवा स्कॅन असेल तर ते चित्र असते, मजकूर नव्हे. ते गूगल ड्राइव्हवर चढवून 'ओपन विथ गूगल डॉक्स' केले की छापील मराठी बरेचसे मजकुरात उतरते. हस्ताक्षराचा मात्र भरवसा नाही, तिथे पुन्हा टाइप करणेच बरे.

४. बदल करताना

डाउनलोड केलेली वर्ड फाईल वर पिवळी पट्टी दाखवते आणि लिहू देत नाही. ती सुरक्षेची सोय आहे. फाईल ओळखीच्या ठिकाणाहून आली असेल तरच 'एनेबल एडिटिंग' दाबावे.

बदल नेहमी प्रतीत करावा, मुळात नव्हे. बँकेत लेजरमधली चूक खोडरबराने पुसत नसत, नवी नोंद करून दुरुस्त करत. 'सेव्ह ॲज' करून नावात तारीख घालावी. 'फायनल', 'फायनल नवी', 'फायनल खरी' अशी नावे ठेवली तर आठवड्याने कुठली खरी ते आपल्यालाच कळत नाही.

पीडीएफमध्ये मजकूर बदलण्याचा हट्ट धरू नये. वर्ड २०१३ पासून पीडीएफ उघडून तिचा मजकूर करते, पण मराठी असेल तर वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. ज्याने ती बनवली त्याच्याकडून वर्ड फाईल मागणे सोपे. फॉर्म भरायचा असेल तर रीडरमधल्या 'फिल अँड साइन' ने भरता येतो.

एक्सेलबाबत बँकवाल्याचा खास इशारा. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच धरून ठेवते. १६ अंकी क्रमांक लिहिला तर शेवटचा अंक शून्य होतो. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्येही ते गाळते. पैसे पाठवायच्या यादीत असा एक अंक बदलला तर काय होईल ते सांगायला नको. क्रमांक लिहिण्याआधीच तो स्तंभ निवडून 'टेक्स्ट' करावा. एकदा गेलेले अंक नंतर 'टेक्स्ट' केल्याने परत येत नाहीत.

५. छापताना

आपला नेहमीचा कागद ए-फोर, २१० बाय २९७ मिलिमीटर. अमेरिकेतून आलेली फाईल बहुधा 'लेटर' मापाची, २१६ बाय २७९ मिलिमीटर असते. ती छापताना 'फिट' निवडावे, नाहीतर कडेच्या ओळी कापल्या जातात. याउलट ठराविक मापाचे काही छापायचे असेल, तर 'ॲक्च्युअल साइज' निवडावे. 'फिट' केले की मापे थोडी बदलतात.

पडद्यावर अक्षरे ठीक पण कागदावर गाळलेली, असे पीडीएफचे होत असेल तर रीडरच्या प्रिंट चौकटीत 'ॲडव्हान्स्ड' मध्ये 'प्रिंट ॲज इमेज' वर खूण करावी. वेळ थोडा जास्त लागतो, पण पान दिसते तसे छापले जाते.

आरत्यांची पुस्तिका काढायची असेल तर रीडरमध्ये 'बुकलेट' हा पर्याय आहे. ए-फोर कागद मधोमध दुमडला की एका कागदाची चार पाने होतात, म्हणून पानांची संख्या चारच्या पटीत ठेवावी: २४ पानांना ६ कागद. पाठपोट छापताना 'फ्लिप ऑन शॉर्ट एज' निवडावे, नाहीतर मागचे पान उलटे येते. आधी एकच प्रत काढून दुमडून पाहावी, मग बाकीच्या.

फलक किंवा पत्रिका बाहेर छापायला देताना वर्ड फाईल देऊ नये, पीडीएफ द्यावी. छपाईवाल्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉन्ट बदलला की पहिली वेलांटी भलत्या अक्षरामागे जाऊन बसते, आणि ती चूक दहा फुटांच्या फलकावर सगळ्या गावाला दिसते. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'फोटो' म्हणून नव्हे, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे, म्हणजे स्पष्टता कमी होत नाही.

६. झेरॉक्सच्या दुकानात

सगळ्यांकडे प्रिंटर नसतो. डिचोलीच्या बाजारात गेलो की आपण दुकानाच्या नंबरवर आधार, पॅन, पासबुक सगळे पाठवून देतो आणि दहा रुपये देऊन निघतो. कागद आपल्या पिशवीत येतो, पण फाईल तिथेच राहते. दुकानदार प्रामाणिक असला तरी त्याच्या संगणकावर दिवसभर किती हात फिरतात ते आपल्याला माहीत नसते.

म्हणून शक्यतो 'मास्क्ड आधार' डाउनलोड करावे, त्यात क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दिसतात. छापून झाल्यावर तिथेच उभे राहून फाईल 'डाउनलोड्स' मधून आणि नंतर 'रिसायकल बिन' मधूनही काढून टाकायला सांगावे. सांगायला संकोच वाटून घेऊ नये. त्यांच्या संगणकावर आपले व्हॉट्सॲप किंवा ई-मेल उघडले असेल तर बाहेर पडल्याची खात्री करावी. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' पाहिले की जोडलेले राहिले आहे का ते कळते.

७. ही फाईल मात्र उघडू नका

वर म्हटले की न कळणारी फाईल पुसू नये. याला अपवाद एकच. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, बँकेची केवायसी अशा नावाने फाईल येते आणि शेवटी 'एपीके' असते. एपीके म्हणजे कागद नव्हे, फोनमध्ये शिरणारे ॲप. ते बसवले की ओटीपी आणि संदेश चोराच्या हाती जाऊ शकतात. संगणकावर 'ईएक्सई' तसेच. 'पत्रिका.पीडीएफ.ईएक्सई' अशा नावात शेवटचे शेपूट खरे, मधले फसवे. ओळखीच्या माणसाकडून आली तरी आधी त्याला फोन करावा, कारण त्याचाच फोन चोराच्या ताब्यात असू शकतो. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी आणि बँकेलाही कळवावे.

शेवटी

कपाटातली जुनी सीडी, बंद पडलेल्या संगणकातली हार्ड डिस्क, पेनड्राईव्ह टाकून देण्याआधी त्यात काय आहे ते एकदा पाहा. सीडी कायम टिकत नाही, पेनड्राईव्हही अचानक दगा देतो. जे जपायचे ते दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक पीडीएफ आणि एक युनिकोड मजकूर. पीडीएफ पाहण्यासाठी, मजकूर पुढच्यांना वापरण्यासाठी.

ते नाटक आता युनिकोडमध्ये आहे. छापलेली पहिली प्रत आम्ही त्यांच्या मुलीला नेऊन दिली. तिने पहिले पान उघडले, वडिलांचे नाव वाचले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वहीत त्यांनी शेवटचा प्रवेश दोनदा लिहिला होता. तुमच्याकडे कुठला आहे?" आम्ही पाहिले. फाईलमध्ये दोन्ही होते.

आपल्याकडे अशी न उघडणारी फाईल असेल तर मंडळात घेऊन या. बसून पाहू.